खंडेरावांचा दिनविशेष

धनत्रयोदशीच्या सकाळी खंडेराव कॉलनीतल्या वाचनालयाच्या फळ्यावर 'थॉमस एडिसन यांचे निधन' असं लिहीत होते, तेव्हा त्यांची बायको वारली.

'निधन'मधला शेवटचा न नीट आला नव्हता, म्हणून त्यांनी तो पुसून पुन्हा काढला. तेवढ्यात समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दिनेश धावत आला. खंडेराव मोबाइल घरी विसरले होते, म्हणून त्यांच्या मुलीनं, हर्षालीनं, दवाखान्यातून दिनेशला फोन केला होता.

"काका, चला. काकू..."

एवढ्यावरून कुणालाही कळलं असतं. खंडेरावांनाही कळलं. तरी त्यांनी आधी एडिसनपुढं १९३१ घातलं, हाताचा खडू झटकला आणि मग ते दिनेशच्या स्कूटरवर बसले. एका बाजूला बेचाळीस वर्षांचा संसार, दुसऱ्या बाजूला विजेचा दिवा. खंडेराव आधी दिवा लावून निघाले.

तसे ते कुणी विद्वान नव्हेत. शाळेत शिपाई होते. अक्षर चांगलं म्हणून हेडमास्तरांनी दिनविशेषाचा फळा त्यांच्या गळ्यात बांधला, आणि निवृत्तीनंतर त्यांनी तो कॉलनीत स्वतःहून बांधून घेतला. अकरा वर्षांत एक दिवस खाडा नाही. जगात कोण जन्मलं, कोण गेलं, कुठल्या देशानं काय उडवलं, सगळं तिथं. मागच्या गल्लीतल्या कोंडाजींनी एकदा वडिलांची पुण्यतिथी लिहायला सांगितली, तेव्हा खंडेरावांनी नियम केला: माणूस जगाला माहीत पाहिजे आणि साल पक्कं पाहिजे.

"जगाला तुम्ही तरी माहीत आहात का?" कोंडाजी म्हणाले होते. तेव्हापासून बोलणं बंद.

त्या सकाळी दवाखान्यातून बायकोनं, चंद्रभागानंच, त्यांना पिटाळलं होतं. "अहो, जा, फळा लिहून या. नाहीतर आज कोण मेलं ते लोकांना कळायचं कसं?"

खंडेरावांना तो टोमणा वाटला नाही. परवानगी वाटली.

सुतकात फळा दिनेशकडं गेला. पाडव्याला त्यानं चांद्रयानाचं उड्डाण लिहिलं, तेही तिरक्या ओळीत. खंडेरावांना ते खिडकीतून दिसलं. ओळ तिरकी म्हणून चिडावं की पाटावर बसवून ओवाळणारी नाही म्हणून रडावं, हे ठरेना, तेव्हा त्यांनी चहा केला. त्यात साखर घालायची राहिली.

"काका, दहाव्याला काकूंचं नाव फळ्यावर येऊ द्या," दिनेश म्हणाला. "तुमच्या हातानं."

"नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग मोडा की बाबा," हर्षाली म्हणाली. "तुमचं ऐकणारी एकच होती, ती गेली."

खंडेरावांनी अर्धा नियम मोडला. जगाला माहीत नसली तरी चालेल, पण जन्म पक्का पाहिजे. आधार कार्डावर होता एक जून. त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, कारण तारीख माहीत नसलेल्या पोरांपुढं शाळेच्या रजिस्टरात एक जून लिहिण्याचं काम त्यांनीच वर्षानुवर्षं केलं होतं. त्यांचा स्वतःचाही एक जूनच. हर्षाली दोघांना मिळून एकच केक आणायची. चंद्रभागा म्हणायची, "आमच्या वर्गात तेवीस जण एक जूनचे. एका दिवशी गावात तेवीस बाळंतिणी आणि सुईण एकच!" खंडेराव दरवर्षी हसायचे. मग खरी तारीख कोणती, हे विचारायचं मात्र त्यांना कधी सुचलं नाही. एडिसनची पाठ होती.

दहाव्याला हरसूलहून चंद्रभागाची थोरली बहीण नवसाबाई आली. रामकुंडावरचे विधी उरकल्यावर दोघं पायरीवर टेकली.

"अक्का, चंद्रा कधी जन्मली?"

"आता इचारता व्हय, पाव्हणं?" नवसाबाईनं डोळ्याला पदर लावला. "वाघबारशीला. बा वाघदेवाला नारळ घेऊन गेलता, आन् हिकडं ही झाली. आई म्हणायची, वाघ घरातच आला."

"वाघबारस म्हणजे..."

"तुम्हा शहरातल्यांची वसुबारस. धनतेरशीच्या आदल्या दिशी."

म्हणजे ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. त्या शुक्रवारी खंडेराव तिच्या उशाशीच बसले होते, मोबाइलवर एडिसन शोधत. तिनं विचारलं होतं, "आज जन्म कुणाचा लिहिला?"

"एका क्रिकेटवाल्याचा."

"आणिक?"

"आणिक विशेष कुणी नाही."

ती हसली होती. औषधामुळं असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"तिला माहीत होतं?" त्यांनी नवसाबाईला विचारलं.

"मंग? दर साली त्या दिशी खीर करायची ना ती. तुम्ही खाल्ली नाय व्हय?"

खाल्ली होती. वाटी पुढं करून दुसऱ्यांदा मागितली होती. वसुबारशीला गायीचं दूध चालत नाही, एवढंही तुला कळत नाही का, असं वर दोनदा ऐकवलंही होतं.

"आणि साल कोणतं?"

"साल कुणाला ठावं? सगुणाबाईची पाडी पयल्यांदा व्याली, ते साल."

"सगुणाबाई कुठं असतात?"

"ती जाऊन वीस सालं झाली. पाडीचं इचारू नका आता."

नवसाबाई पदरात तोंड घालून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. खंडेरावांना दोन्ही एकदम जमेना.

घरी जाताना ते फळ्यापाशी थांबले. दिनेशनं खडू पुढं केला.

"एक जून लिहून टाका, काका. आजच बघा ना, माजी राष्ट्रपती नारायणन यांची जयंती. त्यांचीही तारीख शाळेत अंदाजानंच सांगितलेली, म्हणे."

"मला माहीत नव्हतं तेव्हा चाललं असतं," खंडेराव म्हणाले.

त्यांनी राष्ट्रपतींच्या खाली लिहिलं: 'वाघबारस, हरसूल: चंद्रभागा खंडेराव यांचा जन्म.' सगळ्या ओळींना शेवटी साल असतं, म्हणून त्यांनी पुढं चार आकड्यांची जागा सोडली. कोंडाजी काठी टेकत आले, त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि ते तसेच परत फिरले. तेही खंडेरावांना लागलं.

दिनेश रोज ती ओळ तेवढी सोडून बाकीचा फळा पुसतो. साल अजून मिळालेलं नाही. कोंडाजींच्या वडिलांची पुण्यतिथीही लिहायची राहिली आहे.