वाकणारा दिवा

शिंपीणबाईंच्या खोलीत भरदिवसासुद्धा दिवा लागायचा. खिडकी होती, नाही असं नाही, पण तिच्यापुढे शेजाऱ्याची भिंत अशी छाती काढून उभी, की सूर्यालाही आत यायचं तर परवानगी मागावी लागायची. म्हणून मशीनच्या डोक्यावर एक बल्ब, लांब वायरीला लोंबणारा, आणि त्याच्या उजेडात बाई शिवत बसायच्या.

रोज सकाळी, चहाचा कप तळाला लागता लागता, तो बल्ब वाकायचा.

वाकायचा म्हणजे खरोखरचा नव्हे हो. मंद व्हायचा. पांढऱ्याचा पिवळा, पिवळ्याचा मधाच्या रंगाचा, आणि मग एक क्षण असा यायचा की सगळी खोली पाण्याखाली जायची. कात्री, खडूचे तुकडे, खुंटीवरचे अर्धे शिवलेले कोट, सगळं संथ तरंगायला लागायचं. बिनबाह्यांचा एखादा कोट तर पोहतोय असाच वाटायचा. बाई पाय थांबवायच्या, वर बघायच्या आणि ओठातल्या ओठात म्हणायच्या, "उठला ठोंब्या."

मग बल्ब दम घेऊन पुन्हा वर यायचा आणि खोली कोरडी व्हायची.

ठोंब्या म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. लोक त्याला वखारवाला म्हणायचे. ओढ्यापलीकडे, विजेच्या लाइनीच्या पार शेवटच्या टोकाला त्याची लाकडाची वखार. तिथे एक दणकट मोटार, आणि मोटारीवर पट्ट्यानं फिरणारी गोल करवत. तीन फेजची मोटार म्हणजे कशी, उभी असते तोवर गरीब गाय. पण बटण दाबून थेट लाइनीवर घेतली, की फिरायला लागेपर्यंत ती अशी करंट ओढते की जणू जन्माची उपाशी. नेहमीच्या सहासात पट! वेग आला की मग गप्प, ढेकर दिलेल्या माणसासारखी. पण तेवढ्या वेळात त्या लाइनीवरच्या सगळ्यांच्या तोंडचा घास जायचा. गल्लीतल्या बेकरीचं पीठ मळायचं यंत्र कण्हायचं. न्हावी वस्तरा गिऱ्हाईकाच्या गळ्यापासून लांब धरून म्हणायचा, "हलू नका साहेब, वखारवाला उठतोय."

गल्ली वैतागायची. बाईंना मात्र त्या वाकण्याचाच आधार होता.

कारण बहीणभावाचं बोलणं बंद होतं. बाईंच्या दारात आईनं लावलेलं बदामाचं झाड होतं. बाई चार दिवस गावाला गेल्या, आणि हा शहाणा ते कापून मोकळा. "आतून पोकळ होतं, तुझ्या छपरावर पडलं असतं," म्हणाला. बाई म्हणाल्या, "पोकळ तुझं डोकं! माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." आणि त्यानं ठेवलं नाही. त्या घरात कुणी शब्द मोडत नाही, भले कंबर मोडो. वर्षं गेली. दोघांचे केस पिकले. बोलत होता तो फक्त बल्ब. तो वाकला की बाईंना कळायचं, भाऊ आहे, उठलाय, हातपाय चालतायत. बस. त्यावर त्यांचा दिवस निघायचा.

मागच्या आठवड्यात बाई तशाच वर बघत होत्या, आणि पाय थांबवायला उशीर झाला. सुई बोटातून आरपार. न्हाव्यानं धावत येऊन पट्टी बांधली. "मावशी, दिवा जातो तेव्हा हात काढत जा की हो!"

"तू आपली हजामत कर," बाई म्हणाल्या. वर का बघत होत्या, ते काही सांगितलं नाही.

आणि मग ती सकाळ आली. चहा संपला. बाईंनी पाय थांबवला, वर बघितलं. बल्ब ढिम्म. बघत राहिल्या. उजेड पापणी न लववणाऱ्या डोळ्यासारखा, टक्क. वाटलं, झोपला असेल. मग वाटलं, ताप असेल. मग जे वाटलं ते त्यांनी मनातसुद्धा पुरतं येऊ दिलं नाही. शिवत राहिल्या. दुपारी कोट खुंटीवर लावला तर डावी बाही उजव्या खांद्याला! कोट आपला पाठमोरा कुणाला तरी हात करत होता.

तेवढ्यात न्हावी आला, दात काढत. "मावशी, बघितलंत? आज एकदा तरी डोळा मिचकावला का दिव्यानं? वखारवाल्यानं स्टार-डेल्टा बसवला!"

"बरा आहे तो?" बाई एकदम म्हणाल्या.

"त्याला काय धाड भरलीय? सकाळीच भेटला. आता मोटार आधी स्टारमध्ये घेतो. म्हणजे आधी घोटभर, मग पोटभर. वेग आला की डेल्टात. करंट एकतृतीयांशावर! गल्ली सुटली बघा."

बाईंनी देवाचे आभार मानले, आणि पाठोपाठ त्यांचं डोकं तापलं. बरा आहे! धडधाकट आहे! म्हणजे जाणूनबुजून. आधी झाड कापलं, आता हे पण कापलं.

टेप गळ्यात, बोटाला पट्टी, तशाच बाहेर पडल्या. वखारीची वाट त्यांच्या पायांना आठवत नव्हती, म्हणून तारा बघत निघाल्या. एक खांब, दुसरा खांब. तारांवर ऊन साचलेलं. चालता चालता राग ओला होत गेला. रोज सकाळी ते वाकणं याच तारांवरून आपल्याकडे यायचं, त्यांना वाटलं. या ओढ्यावरून, या वळणावरून, एखादा माणूस खाली मान घालून यावा तसं. आज आपण उलट्या अंगानं त्याच्या घरी निघालोय.

वखारीत भुशाचा थर असा, की स्वतःचं पाऊल स्वतःला ऐकू येईना. उन्हाच्या पट्ट्यांत भुसा तरंगत होता, वर जातोय की खाली येतोय काही कळत नव्हतं. पाणी पिण्यापुरतं काम थांबलेलं. भाऊ पॅनेलपुढे उकिडवा बसलेला. केवढासा झाला होता! सदऱ्याचा खांदा दोन बोटं उतरलेला. बाईंच्या नजरेनं आपसूक माप घेतलं.

त्यानं वळून बघितलं आणि उभा राहिला. "कोण गेलं?"

"तू! माझ्यापुरता सकाळीच गेला होतास."

"मी? मी तर इथंच..."

"दिवा का नाही वाकला?"

भाऊ गोंधळला. गोंधळला की हा कामाचं बोलतो, लहानपणापासून. "स्टार-डेल्टा घातला ना. मोटारीची सहाही टोकं बाहेर काढली. मोटार उठवायच्या स्टार्टरचे दुसरेही प्रकार असतात. ट्रान्सफॉर्मरवाला असतो. रेझिस्टन्सवाला असतो, पण त्याला मोटारच वेगळी लागते, रिंगांची. आणि हल्ली तो सॉफ्ट स्टार्टर निघालाय, त्यात तर..."

"मी मोटार घ्यायला आलेय का रे?"

तो तिच्या बोटाकडे बघून म्हणाला, "न्हावी म्हणाला, सुई आरपार गेली. दिवा गेला म्हणून. माझ्या मोटारीनं."

"दिव्यानं नाही. मी वर बघत होते म्हणून."

"शिवताना वर काय बघायचं असतं?"

बाईंनी टेपची दोन्ही टोकं सारखी केली. पुन्हा एकदा सारखी केली. "तू उठलास का ते."

भाऊ खाली बसला, तिथंच, ओंडक्यावर.

"मला वाटायचं, रोज सकाळी शिव्या घालत असशील."

"त्या पण घालत होते."

"जुना स्टार्टर ठेवलाय," तो हळूच म्हणाला. "घालू परत? तासाभराचं काम. होईल पूर्वीसारखं."

बाईंना तो रंग दिसला, मधाचा. पोहणारे कोट दिसले. हो म्हटलं असतं तर उद्या सकाळी खोली पुन्हा पाण्याखाली गेली असती, आणि दोघं पुन्हा लाइनीच्या दोन टोकांना. बोट ठणकत होतं.

"नको. दाखव, काय बसवलंयस ते."

त्यानं लोखंडी पेटी दाखवली, बाजूला दांडा असलेली. "हा वर ढकलायचा, स्टार. करवतीला लाकूड नाही लावायचं तोवर. वेग पुरता आला की एका दमात खाली, डेल्टा. घाई केलीस तर फुकट."

"शिवणकाम करते मी. घाई मला शिकवू नकोस," म्हणून बाईंनी दांडा वर ढकलला. मोटार हुंकारली. पट्टा लचकला. करवत झोपेतून कूस बदलावी तशी हलली.

"आता?"

"थांब."

"आता?"

"अगं, थांब म्हणतो ना..."

खाडकन दांडा खाली! मोटार खेकसली आणि वखारीतला दिवा पार तळाला गेला. दोघांनी एकाच वेळी वर बघितलं.

"न्हाव्याचं गिऱ्हाईक!" भाऊ ओरडला.

आणि बाईंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावला तरी आवरेना. भाऊही हसायला लागला, खोकत खोकत, मांड्यांवर थापा मारत. "घाई शिकवू नकोस म्हणे!"

मोटार बंद केली, करवत पुरती थांबू दिली. पुन्हा दांडा वर. या वेळी त्यानं तिच्या हातावर आपला हात ठेवला, भुशानं खरखरीत झालेला. करवतीचे दाते एकेक करून दिसत होते, सावकाश, ओळखीचे. मग ते एकमेकांत मिसळले. मग दाते राहिलेच नाहीत, नुसतं रुपेरी काहीतरी हवेत थरथरत राहिलं, पाण्यावर चंद्र पडल्यासारखं. मोटारीचा सूर चढत गेला आणि एका जागी स्थिरावला.

"आता, ताई."

दांडा खाली आला. दिवा हललासुद्धा नाही.

बाई घरी निघाल्या तेव्हा भाऊ दारापर्यंत आला. बाई वळल्या. "ऐक. दिव्याला पाठवायचं बंद केलंस ते केलंस. आता स्वतः ये."

"तू म्हणाली होतीस, पाऊल..."

"बहिरा झालायस का? ये म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा चहा संपला. बल्ब टक्क जळत होता. बाईंनी वर बघितलं नाही. दारात सावली आली. भाऊ उंबऱ्याबाहेर, टोपी हातात घेऊन, फोटो काढायला आल्यासारखा उभा.

"मोटार चालू करायला चाललोय," शेवटी म्हणाला.

"हं."

बाईंनी मान वर केली नाही. शिवण चालूच होती. पण एक पाय लांब करून त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल दाराकडे सरकवलं, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला.