पाटलाच्या रानातला मदरसा

"इजाजत हाय का बे तुझ्याकडं?"

अर्जुनराव पाटलानं पारावरची पाटी काठीनं उलटी केली. बंकट उठला नाही. समोरचा सटवा मात्र पळायच्या बेतात होता. बंकटनं त्याचं मनगट धरलं.

"एका पोराला शिकवायला कसली इजाजत, पाटील?"

"सरकारच्या परवानगीबिगर मदरसा काढता येत न्हाई. हैदराबादला शिकतोस आन् एवढं बी कळंना?"

बंकट वडवणीकडच्या धनगराचा पोर. हैदराबादच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. सुटीआधी तिथल्या मराठवाड्याच्या पोरांनी ठरवलं होतं, ज्यानं त्यानं आपल्या गावी जायचं आणि मदरशातून, म्हणजे सरकारी उर्दू शाळेतून, गळायला आलेलं एक तरी पोर हाताशी धरायचं. बंकटनं विधवा आत्याचा, साखराबाईचा, सटवा धरला. पोरगं मठ्ठ नव्हतं. घरात मराठी, मदरशात उर्दू आणि निम्मं वर्ष मेंढरांमागं. कोण पास होणार? दोनदा नापास झालेला. सुटीच्या शेवटी फेरपरीक्षा होती. तीत आपटला की नाव कटणार आणि सटवा जन्मभर पाटलाच्या गोठ्यात शेण काढणार. पाटलानं तसं बोलून ठेवलं होतं, साखराबाईनं होकार दिला होता. पाटलाला कायद्याचा कळवळा आला तो त्यासाठी. निजामाचं सरकार हैदराबादेत. गावातलं सरकार पाटलाच्या मिशीत बसलेलं.

पारावरची शिकवणी मोडली.

दोन दिवसांनी साखराबाईचा कळप पाटलाच्या काळ्या रानात बसला. पेरणीआधी लेंडीखत पडावं म्हणून पाटलानंच सांगावा धाडला होता. भर दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती आणि बाभळीच्या सावलीत बंकट सटवाकडून धडा वाचून घेत होता.

"पुन्हा वाच."

"दादा, जीभ वळंना."

"वळवायची. मेंढी वळवतोस न्हाई का?"

"मेंढी ऐकती की. ही कुठं ऐकती?"

तेवढ्यात पाटील घोड्यावरून आला. "हितं बी मदरसा?"

"मदरसा कुठं, पाटील? मेंढरं बसवलीत. तुमीच बोलावलंत."

"आन् हे पोरगं वाचायलंय ते?"

"मेंढरं राखता राखता बडबडतंय."

"ऊठ बे! निघ माझ्या रानातून!"

साखराबाई पिठाच्या हातानंच रानात मांडलेल्या चुलीपासून उठली. "निघतो की. मग मेंढरं बी निघतील. दिंद्रुडचे शेतकरी दोनदा कळप मागून गेलेत. पाऊस तोंडावर आलाय, पाटील. तुमचं रान तुमी बघा."

पाटलानं रान बघितलं. अर्ध्यात खत पडलेलं, अर्धं तसंच कोरडं. त्यानं दात खाऊन घोडा वळवला. सटवानं पुढची ओळ वाचली, जरा मोठ्यानंच.

सटवा पास झाला.

पण पाटलाचं पोट दुखायचं थांबलं नव्हतं. तो वरच्यांच्या कानाला लागला. हैदराबादच्या विद्यापीठातून बंकटला निरोप आला: बेकायदा मदरसा चालवल्याची माफी माग, पुन्हा शिकवणार नाही असं कबूल कर, तरच वर्गात बसता येईल.

"माग रं माफी, बंकटा," साखराबाई म्हणाली. "चार शब्द बोलायला काय जातंय तुझं?"

"सटवाला शिकवलं त्यो गुन्हा झाला, आसं म्हनू का आत्या?"

"मग काय करतोस? आयुष्याची माती करून घेतोस का?"

"सटवा मदरशात गेल्यावर मेंढरांमागं कोन जानार व्हतं?"

पास होण्याच्या धांदलीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मदरसा उघडला त्या सकाळी पाऊस भुरभुरत होता. सटवा धुतलेला सदरा घालून निघाला. दहा पावलं गेला की वळून बघायचा.

"मागं काय बघतो बे? घंटा झाली!" बंकट ओरडला.

सटवा पळत सुटला. पहाटे व्यालेल्या मेंढीचं कोकरू गारठून थरथरत होतं. बंकटनं विद्यापीठात घालायची शेरवानी काढून आणली, तिच्यात ते ओलं कोकरू गुंडाळलं आणि छातीशी धरून कळपामागं चालू लागला.