पिवळ्या पट्टीचा चिमटा

सोमवारी सकाळी नऊ चाळीसला विद्यापीठातून चिप बनवणाऱ्या कंपनीत एक फोन गेला, आणि दहाला भरायची भट्टी रिकामीच राहिली.

फोन करणारी होती नियमावली. खरं नाव वेगळं, पण बाटलीबाटलीवर चिठ्ठी, चिमट्याचिमट्यावर रंगीत पट्टी आणि दारादारावर सूचना चिकटवणाऱ्या या पीएचडीच्या मुलीला विभागात दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. तिच्या सिलिकॉनच्या सहा चकत्या त्या सकाळीच गाडीने कंपनीत पोचल्या होत्या. विद्यापीठाकडे तितकी स्वच्छ भट्टी नव्हती. कंपनी आपली भट्टी तीन महिन्यांतून एक दिवस उसनी द्यायची आणि आजचा दिवस नियमावलीच्या वाट्याला आला होता. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या सहा चकत्यांपाशी अडलं होतं.

गाडी गेल्यावर ती टेबल आवरायला लागली, तर स्वच्छ चिमट्यांच्या तबकात पिवळ्या पट्टीचा चिमटा. पिवळी पट्टी म्हणजे सोन्याचं टेबल. विद्यापीठात चकतीवर सोन्याचा पातळ थर चढवणं रोजचंच. कंपनीत मात्र सोन्याचं नाव काढलं की लोक दोन पावलं मागे सरकतात. सोन्याचा अंश भट्टीत गेला की तो उष्णतेने सिलिकॉनभर पसरतो, भट्टीच्या नळीत मुरतो आणि पुढे तिथून निघणाऱ्या मालाची वाट लावतो.

आदल्या दुपारी ती डब्याची लेबलं लिहीत असताना सर आले होते. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. सगळं आयुष्य कागदावरच्या समीकरणांत गेलेलं, प्रयोगशाळेत पाहुण्यासारखे यायचे. त्यांनी एक चकती उचलून खिडकीशी धरली होती आणि "काय देखणी आहे गं!" म्हणाले होते. कुठल्या चिमट्याने उचलली, ते तिने पाहिलं नव्हतं.

सरांना विचारावं, तर ते वर्गात आणि तास सुटणार साडेदहाला. न विचारता कळवावं, तर कंपनीचं दार सरांनी वर्षानुवर्षं चपला झिजवून उघडलेलं. कदाचित काही झालंही नसेल. तिने फोन लावला.

"ताई, चकत्या आत घेऊ नका. सोनं लागलं असण्याची शक्यता आहे."

पलीकडे भट्टीताई. कंपनीच्या भट्ट्या यांच्या हुकमतीत.

"शक्यता म्हणजे किती?"

"माहीत नाही. म्हणून तर फोन केला."

"डबा अजून उघडलेला नाही. तू आणि सर, दोघं या इकडे. आणि हो, अंगठीबिंगठी काही घालून येऊ नका, आज माझं मन थाऱ्यावर नाही."

साडेदहाला सर खडूचे हात झटकत बाहेर आले. तिने सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग तांबडा झाला.

"मला न विचारता कंपनीला कळवलंस?"

"तुम्ही वर्गात होतात, सर. दहाला भट्टी भरणार होते."

"दार वाजवायचं होतंस."

"तुम्ही म्हणाला असतात, जरा थांब, खात्री करू."

सर तसंच म्हणाले असते, हे दोघांनाही माहीत होतं. प्रयोगशाळेत जाऊन त्यांनी तबकातला चिमटा उचलला, उलटसुलट पाहिला.

"हाच होता. टोकाशी वाकलेला आहे, हाताला जाणवलं होतं. पट्टीकडे लक्षच गेलं नाही, चकतीकडेच बघत होतो."

"कुठली चकती, सर? नंबर कोरलेले आहेत."

"सगळ्या सारख्याच देखण्या गं."

इतकी घाबरलेली असूनही तिला हसू फुटलं.

कंपनीत कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर भट्टीताई त्यांची वाट पाहत होत्या. सर बसायच्या आधीच बोलले, "बाई, चूक माझी आहे. फोन हिचा आहे. ही दोन खाती वेगळी ठेवा."

"सर, तुम्ही वीस वर्षांपूर्वी मला परीक्षेत नापास केलं होतंत, तेव्हा इतकं स्पष्ट बोलला नव्हतात."

"नापास? तुम्हाला?"

"तोंडी परीक्षेत. भट्टीवरच्याच प्रश्नाला."

सरांना कुठे बघावं कळेना. ताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि नियमावलीकडे वळल्या.

"आमच्या साहेबांनी विचारलं, विद्यापीठाला यापुढे भट्टी द्यायची का? मी म्हटलं, गेल्या वर्षी आपल्याच माणसाने असा चिमटा लपवला, तेव्हा दोन महिने भट्टी धूत बसले होते मी. या पोरीने आपली पदवी पणाला लावून फोन केला. मला अशी माणसं हवीत."

नियमावलीने बरंच काही बोलायचं ठरवून ठेवलं होतं. गाडीत माफीची वाक्यं जुळवली होती. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "ताई, तुमचे उपकार..."

"माझे कसले? माझी नळी वाचली. आज रात्री मी झोपणार आहे, ते तुझ्यामुळे." मग त्या म्हणाल्या, "तुझा दिवस गेला तो गेला. पण गुरुवारी माझा एक चाचणीचा घाणा आहे, तो मी पुढे ढकलते. चकत्या स्वच्छ निघाल्या, तर गुरुवार तुझा."

परतताना सरांनी गाडी विभागापुढे थांबवली, इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाले, "तू दार वाजवलं नाहीस, ते बरं झालं." एवढं बोलून ते उतरले आणि तिच्या बाजूचं दार स्वतः उघडून उभे राहिले.

चकतीच्या पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून सोनं शोधणारं कंपनीचं यंत्र त्याच दुपारी मोकळं झालं. चिमटा कडेला लागतो, म्हणून प्रत्येक चकतीची कड सगळीकडून तपासावी लागते आणि मध्ये कंपनीचा माल आला की थांबावं लागतं. बुधवारी संध्याकाळी भट्टीताईंचा निरोप आला. चार चकत्या स्वच्छ आहेत, पाचवी यंत्रात आहे, सहावी रांगेत. विद्यापीठाला भट्टी देणं चालू ठेवायचं की नाही, यावर साहेबांची बैठक अजून संपलेली नाही.