हातुलेसीचं लेकरू

सलमाने शिट्टी तोंडातून काढली आणि हातातली पाण्याची बाटली जाळीवर भिरकावली.

"कॅरोलिना! चेंडू गेला की मागे कोण धावणार? तुझा बाप?"

मुली चोरून कडेला बघू लागल्या, कारण बाप खरोखरच तिथे उभा होता. पाक फ्रित्सने (पाक म्हणजे इथलं 'साहेब') काळा चष्मा कपाळावर चढवला, हसून हात हलवला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. त्याने शिवी दिली असती तर सलमाला बरं वाटलं असतं. हे हसणं तिला झोंबलं. आपल्याला हवं ते आधीच खिशात पडलंय, अशा माणसाचं ते हसणं होतं.

निवड चाचणीचा हा शेवटचा दिवस. सतरा वर्षांखालच्या मुलींचा राष्ट्रीय संघ जकार्तात जमायचा होता, आणि या सगळ्या बेटांमधून तिथल्या शिबिराला एकच मुलगी जाणार होती. निवडणारे दोघे. एक सलमा, जिने गुडघा जाईपर्यंत प्रांताच्या संघाची मधली फळी सांभाळली होती. दुसरे जकार्ताहून आलेले पाक विर्यावान, जे दिवसभर सावलीत बसून मान पुसत होते आणि कुणालाच काही वावगं बोलत नव्हते.

कॅरोलिना वाईट खेळत होती असं नाही. धाव सुरेख, बूट त्याहून सुरेख. पण पायातला चेंडू गेला की ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची, जणू तो कुणीतरी नोकराने परत आणून द्यायचा होता. तिच्याच संघात खेळणारी योसिना मात्र चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघायची. दर वेळी. चेंडू पायाशी पोचेपर्यंत तो पुढे कुठे द्यायचा हे तिचं ठरलेलं असायचं. सलमा इतकी वर्षं मुलींना हे शिकवत आली होती, ओरडून, कान पिळून. निम्म्यांना ते कधीच जमलं नाही. या मासेमाराच्या पोरीला कुणीच शिकवलेलं नव्हतं. आणि पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं.

विश्रांतीची शिट्टी झाली तसं फ्रित्सच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि तेते आबेल खाली उतरले. तेते म्हणजे आजोबा. ते हातुलेसी गावचे वडीलधारे. पण खाडीपलीकडच्या वाईसिलोत, सलमाच्या गावातही लहानथोर त्यांना तेतेच म्हणायचे. अंगात काळा सदरा, हातात झाकलेली पितळी ताटली, गळ्यात लाल फडकं. ते फडकं सलमाने ओळखलं. दुसऱ्या गावाकडे मागणं घेऊन जाताना ते बांधतात.

हातुलेसी चर्चचं गाव, वाईसिलो मशिदीचं, आणि दोन्ही गावं एकमेकांची पेला. आपल्या पाणी प्यायच्या पेल्याशी या शब्दाचा संबंध नाही, तरी हे नातं जुळलंय ते एका करवंटीतून पिऊनच. पूर्वजांनी ताडीत रक्त मिसळून ती तोंडाला लावली, तेव्हापासून हातुलेसीची पोर वाईसिलोच्या पोराची बहीण; लग्नाचं नावसुद्धा काढायचं नाही. वाईसिलोच्या मशिदीचा मधला खांब हातुलेसीच्या लोकांनी खांद्यावरून आणला. आगीच्या वर्षांत दोन्ही धर्मांची माणसं एकमेकांची घरं पेटवत होती, तेव्हा लहानग्या सलमाला आणि तिच्या आईला हातुलेसीच्या चर्चच्या माळ्यावर लपवलं होतं. दाराशी कोयता घेऊन जो बसला होता, तो हाच म्हातारा. पेलाने मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. म्हटलं तर समुद्र सोडत नाही, असं म्हणतात. समुद्राचं राहू दे, सलमाची आई सोडणार नव्हती.

तेतेंनी टेबलावरच्या बाटल्या बाजूला सारून ताटली ठेवली. पान, सुपारी, चुना.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे. गुडघे धरलेत."

"माझेही. पाऊस येणार म्हणायचा."

"तेते, ताकाला येऊन भांडं लपवू नका. मला मैदानावर जायचंय."

म्हाताऱ्याने मागे पाहिलं. फ्रित्स अगदी पाठीशी येऊन उभा राहिला होता. फोन कानाला, पण बोलत कुणाशीच नव्हता.

"हातुलेसी वाईसिलोकडे मागतंय," तेते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला, प्रार्थना म्हणताना बदलतो तसा. "आमच्या लेकराला एक जागा द्या."

सलमाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने फ्रित्सकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर ती टेबलच उलथून टाकणार होती. हा माणूस शहरात बंगला बांधून बसलेला. नाताळ सोडला तर हातुलेसीला फिरकत नाही, पोरीला गावची बोली धड येत नाही. आणि आज त्याला पेला आठवली.

"हे मागायला आलात?"

"एवढंच मागायला आलो."

"छपराला पानं मागा. लवंगा वाळवायला अंगण मागा. मशिदीचा खांब परत मागा, तो उपटून देते. पण हे? तुम्हाला कळतं तरी का काय मागताय?"

"विडा घे, पोरी."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मुली पाणी पिता पिता इकडेच बघत होत्या. योसिना पाण्याच्या पिंपाकडे निघाली होती. तेतेंसमोरून जाताना ती रीतीप्रमाणे कमरेत वाकून गेली. सलमाने पान उचललं, सुपारी घातली, चुना जरा जास्तच लावला आणि तोंडात कोंबलं. विडा उचलला, शब्द दिला.

"कोयता घेऊन दाराशी बसला होतात तेव्हाच बरे होतात तुम्ही," ती म्हणाली.

तेतेंनी मान खाली घातली. फ्रित्सने फोन खिशात टाकला.

उत्तरार्धभर सलमा पान चावत आणि चिडत राहिली. गोलरक्षक मुलीला विनाकारण झापलं, रेषेवरच्या पोराला झापलं. योसिनाने एकदा दोघींच्या मधून असा चेंडू काढून दिला की सावलीतले विर्यावानसुद्धा खुर्चीतून अर्धे उठले. सलमाने तिकडे पाठ फिरवली. ज्या पोरीचा हक्क आपण मारणार आहोत तिच्याकडे बघवत नव्हतं, हे खरं कारण. आणि ते ठाऊक असल्यामुळे ती आणखीच भडकत होती.

सामना संपल्यावर योसिना तिच्याजवळ आली. धापा टाकत, गुडघ्याला चिखल.

"ताई, माझं काही चुकलं का?"

"का?"

"तुम्ही माझ्याकडे बघतच नाही. काल दोनदा शिव्या दिल्या होत्या. आज एकसुद्धा नाही."

"जा, पाणी पी," सलमा खेकसली.

मैदानाशेजारच्या शाळेचा एक वर्ग त्यांना बसायला दिला होता. विर्यावानांनी दार लोटलं, पंख्याखालची खुर्ची पकडली आणि फोन टेबलावर ठेवला.

"खेळाचं म्हणाल, तर मला शंका नाही," ते म्हणाले. "ती मान वळवून बघणारी पोर. अशी मी बऱ्याच वर्षांत बघितली नाही."

"मग?"

"मग काय, सलमाताई? फ्रित्स कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. संघटनेत त्याच्या शब्दाला वजन आहे. मला दोन दिवस झोप नव्हती. पण आज कळलं, तुमच्या गावाचं काही वचन आहे म्हणून. रिवाजच आहे म्हटल्यावर तुम्ही तरी काय करणार आणि मी तरी काय करणार?"

"म्हणजे तुमचे हात स्वच्छ."

"माझी निवृत्ती जवळ आली आहे," विर्यावान शांतपणे म्हणाले. त्यांना राग आला नाही, याचाच सलमाला राग आला. "बरं, कळवून टाकू? एकदा खात्री करून घेतो, नंतर घोळ नको. त्यांनी मागितलंय ते हातुलेसीच्या मुलीसाठी, बरोबर ना?"

सलमाने तोंड उघडलं. कॅरोलिनाचं नाव जिभेवर आलं होतं. पानाने जीभ भाजली होती आणि ते नाव आत अडकायला तेवढी अडचण पुरली.

"काय म्हणालात?"

"हातुलेसीच्या मुलीसाठी."

तिने म्हाताऱ्याचं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं. आमच्या लेकराला एक जागा द्या. त्याच्या पुढे काही नव्हतं, मागेही नव्हतं. कॅरोलिनाचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. मागे उभा असलेला बाप बघून ते तिचं तिनेच ऐकलं होतं.

खिडकीबाहेर योसिना, तीही हातुलेसीच्याच मासेमाराची पोर, गोलाच्या जाळ्या सोडवायला मदत करत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

"हो," सलमा म्हणाली. "हातुलेसीचीच. योसिना पातिवाएल. कळवा."

विर्यावानांचा हात फोनवरच थांबला. "पण ते फ्रित्स..."

"मी पेलाला शब्द दिलाय, विडा खाऊन. सगळ्यांनी बघितलंय. तुम्हाला तो मोडायचा असेल तर मोडा. फक्त उद्या तुम्हाला बोटीने आंबोनला जायचंय. पेलाचा शब्द मोडणाऱ्याला इथला समुद्र सोडत नाही म्हणतात. मी काही बघितलेलं नाही, म्हणतात."

विर्यावानांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. येताना ते सगळी वाट कठड्याला धरून ओकत आले होते. त्यांनी फोन उचलला.

निवड त्यांनीच मैदानावर जाहीर केली, आणि टाळ्या थांबायच्या आत ते शाळेच्या मागच्या बाजूला दिसेनासे झाले. योसिना जागच्या जागी खाली बसली. मुलींनी तिला उचलून घेतलं. कॅरोलिना थोडा वेळ बुटांच्या नाड्यांशी खेळली, मग जाऊन तिला मिठी मारून आली आणि गुपचूप गाडीत बसली. तिचा बाप बदामाच्या झाडाखालच्या बाकाकडे निघाला होता. तिथे तेते बसले होते. सलमाही झपाझप तिकडे गेली.

"म्हाताऱ्या, तुला कशाला आणलं होतं मी?" फ्रित्स ओरडला. तेतेंना कुणी अरेतुरे केलेलं सलमाने जन्मात ऐकलं नव्हतं.

"मागायला," तेते म्हणाले. "मागितलं. तू मागेच होतास."

"माझ्या पोरीचं नाव का नाही घेतलंस?"

"नाव घेत नाहीत, बाळा. पेलाकडे गावासाठी मागायचं. कुणाला द्यायचं ते देणाऱ्याने ठरवायचं. जुनी रीत आहे. तू शहरात वाढलास, तुला कोण सांगणार?"

फ्रित्स गर्रकन सलमाकडे वळला. चष्मा आता हातात होता.

"तुम्ही सांगा. आहे अशी रीत?"

अशी रीत नव्हती. वाईसिलोच्या मशिदीचं छप्पर घालायचं होतं तेव्हा सलमाच्या आजोबांनी हातुलेसीला जाऊन भर पंचायतीत मागितलं होतं, 'मातेउस सुतार द्या, त्याचा भाऊ नको, तो पितो.' दोन्ही गावांत अजून ही गोष्ट सांगून लोक हसतात. सगळ्यात मोठ्याने हसतात ते तेते आबेल.

म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. तो सुपारी कातरत होता.

"आहे," सलमा म्हणाली. "आमच्या आजोबांपासून हीच रीत आहे."

फ्रित्स दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. आपल्याला फसवलंय एवढं त्याला कळत होतं. कुठे ते धरता येत नव्हतं. "बघून घेईन," असं काहीसं पुटपुटत तो गेला. गाडीचं दार आपटलं आणि तेतेंना तिथेच सोडून गाडी धूळ उडवत निघाली.

आता खरं तर सलमाने हसायला हवं होतं. पण सकाळपासून साठलेला राग फ्रित्सबरोबर गेला नव्हता.

"मला खुणावायचं तरी होतं," ती म्हणाली. "एक डोळा मिचकावला असतात तर काय बिघडलं असतं? तेव्हापासून मी तुम्हाला मनात काय काय बोलले, तुम्हाला ठाऊक नाही. तोंडावर बोलले तेही..."

"ते खरं बोललीस. तेव्हा सोपं होतं. हातात कोयता होता."

"आणि मी कॅरोलिनाचं नाव दिलं असतं तर? देतच होते, तेते. अगदी ओठांवर आलं होतं."

"तर तिला मिळालं असतं. तीही आमचंच लेकरू आहे."

"आणि तुम्ही काय म्हणाला असतात?"

तेतेंनी कातरलेली सुपारी तळहातावर घेतली, फुंकर मारून भुसा उडवला.

"मी कशाला काय म्हणतोय? वाईसिलोकडे पुन्हा काही मागायला आलो नसतो, इतकंच."

त्यांनी तळहात तिच्यापुढे केला. सलमाला ती सुपारी लगेच घेता आली नाही.