मल्हारी कॉरिडॉरला गेला

लासूर स्टेशनाजवळच्या मल्हारीनं सकाळीच आपल्या लेकीला, सरूला, बाळंतपणासाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिला आत नेलं. मल्हारीची बायको बानाबाई तिच्या मागं गेली आणि मल्हारी खांद्यावर घोंगडं, हातात काठी घेऊन नेमका दारात उभा राहिला. उभ्या जन्मात शेकडो मेंढ्यांची बाळंतपणं त्यानं केली होती, पण लेकीचं कण्हणं ऐकून तो दारातून हलेना.

नर्सबाई तीनदा त्याच्या काठीला अडखळल्या. शेवटी करवादल्याच. "बाबा, इथं नका थांबू. कॉरिडॉरमध्ये जा. बाळ झालं की तिथंच आणून दाखवू."

कॉरिडॉर! हा शब्द मल्हारीला चांगला ठाऊक होता. त्याच्या बहिणीचं, आवडाबाईचं शेत बिडकीनजवळ कॉरिडॉरमध्ये गेलं होतं. दिल्लीपासून मुंबईपर्यंत कारखान्यांचा पट्टा व्हायचा, त्याला कॉरिडॉर म्हणतात, असं ती प्रत्येक लग्नात चारचौघांना सांगायची. बिडकीन म्हणजे सात-आठ कोस. एवढ्या लांब बाळ कशाला नेतात? पण मोठा दवाखाना. तिकडं नवी इमारत बांधली असंल. आणि बाळ आपल्या आधीच पोचलं तर? मल्हारी धोतराचा सोगा धरून पळत सुटला.

फाटकाशी शौकतची रिक्षा उभी होती.

"कॉरिडॉरला घे बाबा! लई घाई हाय!"

"बिडकीनवाला?"

"व्हय, त्योच! नातवंड यायलंय तिथं माझं!"

"मुबारक हो चाचा! बैठो!"

पैठण रोडला रिक्षा उधळल्यागत धावू लागली. तेवढ्यात शेजारून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स गेली. मल्हारी अर्धा बाहेर लोंबकळला. "त्याच्यातच असंल! गाठ तिला!" शौकतलाही चेव आला. दोघांनी चितेगावपर्यंत तिचा पाठलाग केला. तिथं ती थांबली, आणि आतून पाय प्लास्टरात घातलेले एक मिशाळ आजोबा उतरले.

"ह्यो नाय," मल्हारी म्हणाला. "चल पुढं."

बिडकीनच्या पुढं रस्ता असा रुंद झाला की दहा कळप शेजारी शेजारी चालावेत. दोन्ही बाजूंना दिवे, पाट्या आणि मोकळं रान. दवाखाना तर नाहीच, माणूसही नाही. खुर्चीवर बसलेला एक वॉचमन तेवढा होता. इतक्यात मल्हारीच्या खिशातला फोन वाजला.

"अहो, कुठं हाय तुम्ही?" बानाबाई ओरडली.

"कॉरिडॉरमधी!"

"मी बी कॉरिडॉरमधीच हाय! दिसंना का?"

"मी रस्त्याच्या मधोमध उभा हाय. हितं दोन शेळ्या हायत बघ."

"दवाखान्यात शेळ्या?"

"दवाखानाच नाय ना हितं!"

शौकतनं सगळं ऐकलं आणि हँडलवर डोकं टेकून तो गदागदा हसू लागला. "चाचा! खोल्यांच्या समोर लंबा बोळ रहता ना, दवाखान्यात त्यालाच कॉरिडॉर बोलते!"

"बोळ?" मल्हारी दचकला. "बोळासाठी एवढं मोठं नाव?"

"अहो, ऐका की!" फोनमधून बानाबाई किंचाळली. "नात झाली! सरू बी बरी हाय!"

मल्हारीनं काठी हवेत फेकली. घोंगडं डोक्यावर गरगरा फिरवत तो त्या सहापदरी रस्त्यावर नाचायला लागला. शौकतनं हॉर्नचा ताल धरला. वॉचमनलाही राहवलं नाही. तो शिट्टी फुंकत फेरात शिरला. शेळ्या रान तुडवत पार दिसेनाशा झाल्या.

परतीच्या वाटेत पेढे घ्यायला दोनदा थांबावं लागलं, कारण पहिला पुडा दोघांनी चितेगावच्या अलीकडंच संपवला. दुपारी दोघं दवाखान्यात पोचले. बानाबाई बाळ घेऊन उभीच होती. तिनं ते मल्हारीच्या ओंजळीत ठेवलं. टीचभर कपाळ, काळंभोर जावळ. पोरीनं तोंड वाकडं करून एक जांभई दिली.

"बघ, बघ," मल्हारी शौकतला म्हणाला, "दातच नायत हिला!" आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.