योद्ध्याच्या हातावरचं गोंदण

"मास्तर, एवढा अजगर समोर आला तरी हा योद्धा तलवार काऊन नाही उपसत? भेकड आहे का?"

हे विचारून दाखव, अशी माझ्या बाकावरच्या बेबीनं पैज लावली होती. विचारलं! आख्ख्या नववीसमोर! मागं खसखस पिकली.

आमचं मराठी राज्य नवं, धामणगावातली शाळा नवी, भिंतही नवी. तिच्यावर शालिग्राम मास्तरांनीच ते चित्र काढलेलं. पंखवाला अजगर, तोंडातून जाळ, मागं सोन्याचा ढीग. पुढं एकटा योद्धा. तलवार म्यानात, उजवा हात ढालीमागं.

मास्तर चिडले नाहीत. "तूच सांग, कोकिळा. तुला काय दिसतं?"

"नागपंचमी असंल, मास्तर! त्या दिवशी आपण विळीले हात लावत नाही, नांगर जुपत नाही. मग हा सापाच्या जातीवर तलवार कशी काढील? अन् तो अजगर धनाचा राखणदार. योद्धा त्याले सांगून राह्यला, मी चोरायले नाही आलो."

"मंग लाह्या कुठं हायेत वं?" बेबी ओरडली.

मास्तर इतके हसले की चष्मा काढावा लागला. शाळा सुटल्यावर मात्र हळूच म्हणाले, "खरं सांगू? मला मूठच जमत नाही. पुसून पुसून कंटाळलो, शेवटी हात ढालीमागं घातला. तुझा अर्थ बरा आहे. आता हातही तूच काढ."

हात मला येतात! भाकरी थापणाऱ्या मायचे हात मी कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर कितीदा काढलेत. म्हणून तर मास्तर घरी आले होते, मला चित्रकलेच्या परीक्षेला बुलढाण्याला पाठवा म्हणायला. बाबांनी चहा पाजला आणि नाही म्हटलं. "पोरीची जात, परगावी मुक्काम. लोक काय म्हणतीन?"

मी ढालीच्या पुढं उघडा पंजा काढला, 'थांब, मी मारायला नाही आलो' असं सांगणारा. काढता काढता कुंचला सवयीनं त्याच्या मनगटावर गेला आणि तुळशीचं गोंदणही उमटलं.

"योद्ध्याले गोंदण!" बेबी लोळायचीच राहिली.

बाजाराच्या दिवशी ही गंमत बघायला गर्दी झाली. माय-बाबाही आले. मायनं पदर सावरला, मनगट पुढं केलं, भिंतीकडं पाहिलं.

"अहो, हा तं माहा हात हाय."

बाबा कधी भिंतीकडं बघत, कधी मायच्या मनगटाकडं. त्या हातची भाकरी रोज खातात. पण तो असा कधी पाहिला नसावा. शेजारचे शंकरराव म्हणाले, "भगवानराव, पोरीच्या हातात कसब हाय बरं!"

लोक काय म्हणतात ते बाबांनी ऐकलं होतं. योद्ध्याचा पंजा समोरच होता.

"बाबा, मी बुलढाण्याले परीक्षेले जाणार. माय येईन माह्या संगं. तुम्ही आम्हाले एस्टीत तेवढं बसवून द्या."