शब्द न् शब्द वाचलेला कागद

“लावा पैज! तुमचा एकाचाही विश्वास बसायचा नाही,” चपला काढता काढताच मिस्त्रींनी बार उडवला.

बायको आणि मेहुणा सकाळपासून घरी ताटकळत बसले होते. मिस्त्रींच्या पोटातल्या कॅन्सरचं पुढे काय करायचं, ते आज ठरायचं होतं.

“दाजी, आज तरी थापा नकोत.”

“अरे, पोट उभं चिरणार. दिसेल ती गाठ खरवडून काढणार. मग गरम औषध आत सोडून दीड तास फिरवत ठेवणार. आम्ही बॉयलर धुवायचो ना, अगदी तस्सं!”

मेहुणा खो खो हसला. “आणि शिट्टी कुठून काढणार?”

गंमत बघा, जन्मात पहिल्यांदा मिस्त्री अक्षर न् अक्षर खरं बोलत होते. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. नुसती केमो घेतली तर गाठी काही दिवस आवरतील. तीही नको असेल, तर पोटातलं पाणी काढत राहायचं, दुखू द्यायचं नाही, एवढंच. ऑपरेशनने बरं होईलच असं नाही, पण संधी आहे, आणि ती याच आठवड्यात. हा आजार थांबणारा नव्हे.

मग बाईंनी संमतीचा कागद पुढे सरकवला होता.

“लघवीला जाऊन येतो,” म्हणून मिस्त्री उठले, ते मागच्या जिन्याने थेट रस्त्यावर! वरून नर्सची हाक आली, तसे दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. चाळीस वर्षं बॉयलरच्या पोटात रांगत शिरलेला माणूस बस येईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“मग तुम्ही काय म्हणालात?” बायकोने विचारलं.

“म्हणायचंय काय? चार पानी कागद शब्द न् शब्द वाचला आणि ठोकली सही! बाईच गारठली.”

“वाघ आहात दाजी!” मेहुण्याने पाठीवर हात मारला. मिस्त्रींचे कान तापले. त्यांना कुणाकडेच बघवेना.

बायको हसली नाही. फ्रिजवरचा चष्मा उचलून तिने त्यांच्या मांडीवर ठेवला.

“हा सकाळपासून इथंच आहे. याच्याशिवाय तुम्हाला पेपराचं नावसुद्धा दिसत नाही. पळून आलात ना? उठा. बाई पाचपर्यंत असतात. मी वाचून दाखवते.”